पास्कू, तुझ्या घरी राहिलेली माझी चप्पल

दोन हजार एकोणीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि एका पायात चप्पल घालून चर्चमधून घरी चालत आलो. दुसरा पाय उघडा. एप्रिलची संध्याकाळ, डांबर अजून तापलेलं, डोक्यावरून विमान खाली उतरत होतं, आणि आपल्या गावठाणातली माणसं दारात येऊन बघत होती की फिलू गवंडी असा कुठून आला. मी कोणाला उत्तर दिलं नाही. तू बरोबर असतास तर काहीतरी गंमत करून सगळ्यांना हसवलं असतंस. पण तू चर्चमध्येच राहिलास, पास्कू. आपलं भांडण तिथून सुरू झालं, आणि ते अर्धवट टाकून तू निघून गेलास.

तुझी रेजिना मला म्हणते, भावजी, आता तरी भांडू नका. का नको? तुझ्याशी नाही भांडायचं तर कोणाशी? आपल्या वयाचं इथे उरलंय कोण? मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, अक्षर वाकडं, पण भिंत कधी वाकडी उभारली नाही. तसंच हे लिहितोय. जमेल तसं, ओळंबा लावून.

हल्ली दुपारी जेवून आडवा झालो की तू येतोस. सायकलवरून येतोस, मागे पावांची टोपली, पण घंटी वाजत नाही. बाहेर बिल्डिंगी नसतात, मेट्रोचे खांब नसतात. नुसतं शेत असतं, आणि शेतात पाणी भरलेलं असतं, पार क्रुसाच्या ओट्यापर्यंत. तू त्या पाण्यावरून सायकल चालवतोस आणि पाणी हलतसुद्धा नाही. ताज्या पावाचा वास मात्र येतो, खराखुरा. मी खिडकीतून ओरडतो, "अरे, पाय दाखव!" कारण मला बघायचं असतं पट्टी आहे की नाही. तू हात हलवतोस आणि वळणावरून दिसेनासा होतोस. जाग येते तेव्हा उशीजवळ कोणी नसतं, पण वास थोडा वेळ राहतो.

त्या पायाचीच तर गोष्ट आहे सगळी.

पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, प्रभूने धुतले तसे. आपल्या गावठाणातून त्या बारांत दोघं-तिघं असायचे, आणि तू नि मी बऱ्याच वेळा असायचो. मला त्याचा केवढा रुबाब! आदल्या दिवसापासून टाचा भिजवायच्या, वजरीने घासायच्या, नखं कापायची, निघताना साबणाने धुऊन वर पावडर. सगळेच तसं करायचे. फादरच्या हाताला मळ लागला तर लाज कोणाची? फक्त तू बेकरीतून सरळ यायचास, बोटांच्या बेचक्यांत मैदा. मी म्हणायचो, "जरा तरी धुऊन यायचं रे, बेशरम." तू म्हणायचास, "मीच धुतले तर फादर काय करतील, यार? त्यांना पण काही काम नको?"

आणि खरंच, तुझ्या पायाशी आले की फादर वर बघून हसायचे. माझ्या पायाशी आल्यावर नाही हसायचे. हे माझ्या ध्यानात होतं. तुला कधी सांगितलं नाही.

मग तुला शुगर झाली. तळव्याला जखम झाली ती भरेचना. त्या वर्षी पट्टी बांधूनच तू खुर्चीवर येऊन बसलास, माझ्या शेजारी. म्हणालास, दुसरा पाय धुतील की, दोन आहेत ना. मी उजव्या पायातली चप्पल काढून ठेवली होती. पाणी आलं, टॉवेल आले, आणि गावठाणातल्या आपल्या एडविनने तुझ्या कानाशी वाकून म्हटलं, "पास्कूअंकल, आज तुम्ही नको. वास येतोय. वर मोठ्या पडद्यावर पण दिसणार, बरं नाही वाटणार."

पोरगा हळूच बोलला होता, ते मी आज मान्य करतो. पण सगळी व्यवस्था त्याच्याकडे, कॉलरला माईक, आणि माईक चालू. वास येतोय. अख्ख्या चर्चने ऐकलं. मागे बायकांच्या बाकावर रेजिनाने डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढला.

तू उठलास. "बरोबर आहे तुझं," म्हणालास, आणि बाजूला झालास. तिथवर ठीक होतं. पण मग तू टॉवेलांची चळत उचललीस आणि फादरच्या मागे जाऊन उभा राहिलास. एकेकाचा पाय धुऊन झाला की एकेक टॉवेल पुढे करत होतास. लंगडत. ज्यांनी आत्ताच तुझी अब्रू जाताना ऐकली त्यांच्या पायांसाठी. मला ते बघवेना. मी उठलो, मधल्या वाटेने चालत बाहेर आलो. दुसरी चप्पल खुर्चीखाली राहिली ते मला चौकात येईपर्यंत कळलंही नाही.

तू रात्रीच्या जेवणाआधी ती वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आलास.

"घे. अर्धा माणूस घरी आलास."

"ठेव तुझ्याकडे. त्या जागेतली वस्तू मला नको."

"अरे, चप्पल तुझी आहे. चर्चची नाही."

"तुला राग कसा आला नाही, पास्कू?"

"आला ना. कसला आला! पण रेजिनाने वाटाण्याची उसळ केलीय. राग घेऊन बसलो तर ती गार होईल."

"मस्करी नको. तू भेकड आहेस. ताठ बसून राहायचं होतंस. हात लावायची हिंमत होती का कोणाची?"

तू वर्तमानपत्राची घडी नीट केलीस. मग म्हणालास, "बसून राहिलो असतो तर फादरनी पाय धुतले असते. पण माझी नजर त्या पोराच्या तोंडावर असती. आणि मी घरी काय घेऊन आलो असतो? त्याचं पडलेलं तोंड. मला ते नको होतं."

"म्हणून टॉवेल वाटायचे?"

"हात मोकळे होते. मोकळे राहिले असते तर त्याच्या कानाखाली गेले असते. तू मला देवमाणूस समजू नकोस हां, फिलू. वाट लागली होती माझी."

चप्पल काखेत घालून तू परत गेलास. माझ्या पायात उरलेली दुसरी मी माळ्यावर फेकली. आणि तेव्हापासून रविवारची मिस्सा मी सांताक्रूझला ऐकू लागलो. बसने जायचं, बसने यायचं. लोकांनी समजावलं, नवे फादर घरी येऊन गेले, एडविनची बायको ईस्टरला केक घेऊन आली. मी केक परत पाठवला. तुला हे कळल्यावर तू फक्त विचारलंस, "बेदाणे होते का त्यात?"

मधली दोन वर्षं सगळंच बंद झालं, तुझं चर्च पण आणि माझं पण. तेव्हा आपण क्रुसाच्या ओट्यावर बसायचो, तोंडाला फडकं बांधून, दोन टोकांना. तो ओटा माझ्या हातचा. विमानंसुद्धा उडत नव्हती, आभाळ एवढं शांत की आपल्याला एकमेकांचा श्वास ऐकू यायचा. मे महिन्यात क्रुसापाशी लदीन, आपली गाण्यातली प्रार्थना, म्हणायला सगळं गावठाण जमतं, चणे वाटतात, पण त्या मे महिन्यात दोघंच होतो. तू हळू आवाजात लदीन लावलीस, मी मागून ओढत गेलो. तुझा आवाज वर जायचा आणि परतच यायचा नाही. मला वाटायचं तो अजून वर कुठेतरी फिरतोय. आता तर वाटतंच.

तेव्हाही मी विषय काढला. "नम्रपणा म्हणजे काय रे पास्कू? लोकांनी पाय ठेवावा म्हणून लादी होऊन पडायचं?" तू म्हणालास, "लादी घालणारा तू. तूच सांग, लादी कमजोर असते का?"  गवंड्याला गवंड्याच्या भाषेत मारलंस. पण मी हरलो नव्हतो.

गेल्या हिवाळ्यात तू हट्ट धरलास की मनोरीला जायचं. तुझ्या आईचं गाव, लहानपणी आपण तिथे खाडीत डुंबलो होतो. मार्व्याहून होडीत बसलो. तुझा पाय प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर साडी नेसलेल्या बाईचा फोटो. होडीतल्या कोळणीने विचारलं, "काय आजोबा, पायाला साडी घेतली का?" तू म्हणालास, "एकच घेतली, दुसरा पाय रुसलाय." सगळी होडी हसली. मी नाही हसलो, कारण मला त्या पिशवीतला वास आला होता आणि मला त्याची भीती वाटली.

पलीकडे ओहोटी लागली होती. पाणी दूर गेलेलं, नुसता ओला चिखल, आणि त्यात आभाळ उतरलेलं. कुठे जमीन संपते कळत नव्हतं. तू दगडावर बसलास, मी चपला काढून चिखलात उभा राहिलो, घोट्यापर्यंत रुतलो. तो गारवा अजून आठवतो. तेव्हा तू कधी न सांगितलेलं सांगितलंस. की त्या गुरुवारनंतर तू रोज एडविनसाठी प्रार्थना करायचास. पहिले कितीतरी महिने दात-ओठ खाऊन. नाव घेतलं की तोंड कडू व्हायचं. देवाला म्हणायचास, याचं भलं कर, पण आज नको, उद्या कर. आणि मग एका सकाळी नाव घेतलं आणि तुला एकदम त्याची आई आठवली, ती बाळंतपणात गेली तेव्हा तूच पाव देता देता सगळीकडे निरोप सांगत फिरला होतास. त्या दिवसापासून कडू लागलं नाही.

"म्हणजे तू त्याला माफ केलंस," मी म्हणालो.

"मी काय करणार? झालं ते. पाव फुगतो तसं. आपण फक्त झाकून ठेवायचं, सारखं उघडून बघायचं नाही."

मग माझ्या चिखलाच्या पायांकडे बघून तू विचारलंस, "फिलू, असे असताना तुझे पाय कधी कोणी धुतलेत?"

मी म्हणालो, "असे असताना मी कोणाला हात लावू देईन होय?"

तू मान डोलावलीस आणि पाण्याकडे बघत राहिलास. तिथे तू काहीतरी बोलणार होतास. होडीवाल्याने हाक मारली आणि ते राहून गेलं.

आता त्या दिवसाचं सांगतो, जो तू बघितला नाहीस. किंवा बघितला असशील.

तुझ्यासाठी मी त्या चर्चची पायरी चढलो. तुझी पेटी उचलायची वेळ आली. उजव्या बाजूला पुढे मी, या वयातही, कोणी अडवायची हिंमत केली नाही. मागच्या कडीला हात घालायला एडविन आला. डोळे सुजलेले. मी त्याला सगळ्यांसमोर म्हणालो, "तू मागे हो."

तो मागे झाला.  बाजूला सरकून उभा राहिला. आणि पेटी खांद्यावर येता येता मला दिसलं की त्याने जमिनीवर पडलेली फुलं गोळा करायला घेतलीत, पाठीमागून येणाऱ्या बायकांच्या हातात एकेक देतोय. मी पुढे चाललो होतो. पण पास्कू, ते बघून माझ्या छातीत काहीतरी हललं, जसं जुन्या भिंतीत आतल्या आत वाळू सरकते. मी चुकलो असं मी म्हणत नाही. फक्त मला टॉवेल दिसले.

सातव्या दिवसाची मिस्सा शुक्रवारी झाली. संध्याकाळी तुझ्या घरी गेलो. रेजिनाने चहा ठेवला.

"भावजी, बसा. एक सांगायचंय. मध्ये बोलायचं नाही."

"मी कधी मध्ये बोलतो?"

"हे आत्ता काय केलंत?"

मी चहात तोंड घातलं. तिने सांगितलं. इतकी वर्षं दर शनिवारी सकाळी तुझा पाय एडविन धूत होता. मिठाच्या कोमट पाण्याने धुवायचा, पुसायचा, मलम लावून पट्टी बांधायचा. त्या गुरुवारनंतर तो आपल्या गल्लीतून जायचंच टाळायचा, शाळेला वळसा घालून स्टेशनला जायचा. तुला ते दिसलं. तू आपणहून त्याच्या दारात गेलास आणि म्हणालास, मला वाकता येत नाही, रेजिनाचे गुडघे गेलेत, शनिवारी येशील का? पहिल्या दिवशी तो मोरीत जाऊन ओकला. तू त्याला पाणी दिलंस आणि म्हणालास, माईक बंद आहे ना?

"दोघं जे हसले!" रेजिना म्हणाली. "एक हसत होता आणि एक हसता हसता रडत होता."

मी कप खाली आदळला. "शनिवारी येऊ नको, रेजिना लादी पुसते, असं सांगायचा मला हा लबाड!"

"मी कुठली लादी पुसते? माझे गुडघे तरी बघा."

"आणि गावठाणात कोणाला पत्ता नाही?"

"सगळ्यांना माहीत होतं. तुम्हाला सोडून. तुम्हाला सांगायची हिंमत कोणात होती?"

"अगं, पण मी काय मेलो होतो? चार दारं सोडून माझं घर. मला का नाही सांगितलं? मी नसता धुतला पाय?"

हे मी ओरडलोच. कारण पास्कू, सगळ्यात जास्त मला तेच लागलं. एडविन बोलला त्याहून जास्त. तुझा पाय, आणि तू दुसऱ्याच्या हातात दिलास. ज्याने वास येतोय म्हटलं, त्याच्या.

रेजिनाने माझा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मी पण हेच विचारलं होतं त्यांना. तर म्हणाले, फिलू रागाने धुईल. दर वेळी त्याला आठवेल कोण काय बोललं. माझी जखम भरणार नाही आणि त्याची पण. आणि म्हणाले, फिलूला माझ्या घरी यायला कारण लागत नाही. त्या पोराला लागतं."

 बाहेर विमान गेलं, खिडकीची काच हलली. तू नाहीस ही गोष्ट तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळली. उत्तर तयार होतं तोंडात, भलंमोठं, आणि द्यायला समोर कोणी नव्हतं.

निघताना तिने कपाटातून वर्तमानपत्राचं पुडकं काढून दिलं. माझी उजवी चप्पल. तू दर ईस्टरला तिला खोबरेल लावत होतास म्हणे. चामडं मऊ, लोण्यासारखं. "म्हणायचे, मागायला येईल," रेजिना म्हणाली. "मागणार नाही हे पण म्हणायचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि माळ्यावरून डावी चप्पल काढली. लाकूड झालेलं तिचं, कडा वर वळलेल्या. तरी दोन्ही घातल्या. एकच घालून या गावठाणात मी पुन्हा चालणार नव्हतो. क्रुसापाशी थांबलो, पुढे निघालो. उजवा पाय असा पडत होता जसा मनोरीच्या चिखलात, अलगद. डावा प्रत्येक पावलाला सोलून निघत होता. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. माफ करायला चाललो होतो का? ठाऊक नाही. आजही नक्की सांगता येणार नाही. तू म्हणालास झाकून ठेवायचं, म्हणून मी उघडून बघत नाही.

एडविनचं दार उघडंच होतं. तो अर्ध्या चड्डीत, खांद्याला कापडी पिशवी, उंबऱ्यात नुसता उभा. मला बघून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"फिलीपअंकल?"

"कुठे निघालास?"

त्याने पिशवीकडे बघितलं, जणू ती आत्ताच कोणीतरी त्याच्या खांद्याला अडकवलीय. "शनिवार ना आज," म्हणाला. "सवयीने निघालो. पट्ट्या, मलम सगळं घेतलं. मग दारात आठवलं."

आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. तो उंबऱ्यात, मी पायरीवर. मध्ये तू होतास, पावांचा वास होता, शपथेवर सांगतो. मग त्याची नजर खाली गेली.

"अंकल, रक्त येतंय."

"काही नाही. चप्पल चावली."

"बसा."

"नको रे, एवढं काय..."

"अंकल, बसा ना."

मी बसलो. त्याने आतून घमेलं आणलं, कोमट पाणी, चिमूटभर मीठ. माझी ती लाकडी चप्पल त्याने दोन्ही हातांनी हळू काढली. टाचेला भेगा, भेगांत आपल्या गल्लीची धूळ, नखं वाढलेली, वर रक्त. पाय ओढून घ्यायची मला भयंकर इच्छा झाली. त्याने ओंजळीने पाणी घातलं. मीठ झोंबलं. मी पाय तिथेच ठेवला.

आणि पास्कू, तुला ऐकून हसू येईल. त्या सकाळी मी घरून पाय धुऊन निघालो नव्हतो.